तेलाच्या रिकाम्या कॅनपासून सायकलच्या पिशव्या

खानापूरकडच्या पावसात कॅरिअरला बांधलेली कापडी पिशवी घरी येईस्तोवर चिंब होते, आतली साखर-पीठ वाया जातं. १५ लिटरचे दोन चौकोनी प्लास्टिकचे तेलाचे कॅन यावर छान चालतात. हॉटेलवाल्यांकडे, भंगारात सहज मिळतात.

१. गरम पाणी आणि सोड्याने कॅन दोनदा धुवा. तेलकटपणा राहिला तर धूळ चिकटते.

२. वरची बाजू तीन कडांनी कापा, चौथी तशीच ठेवा. तेच झाकण. कापलेल्या कडेवर जुनी ट्यूब चिरून बसवा, हात कापत नाही.

३. चाकाकडच्या बाजूला, वरच्या कडेखाली तापवलेल्या खिळ्याने दोन भोकं पाडा. लोखंडी पट्टीचे आकडे वाकवून नट-बोल्टने बसवा. बोल्टचं डोकं चाकाकडे, नट कॅनच्या आत. उलटं केलं तर बोल्टचं टोक तारांना घासतं. दोन्ही बाजूंना मोठे वायसर हवेतच, नाहीतर खड्ड्यात आदळून प्लास्टिक फाटतं.

४. आकडे कॅरिअरच्या सळीत अडकवा. खालून ट्यूबच्या पट्टीने कॅन मागच्या दांड्याला ताणून बांधा.

५. तळाला एक बारीक भोक ठेवा, पाणी निघून जातं.

पॅडल मारताना टाच लागू नये म्हणून कॅन चार बोटं मागे सरकवा. वजन दोन्हीकडे सारखं भरा.

औषध फवारणीचे कॅन मात्र कितीही धुतले तरी घेऊ नका. त्यात बाजार भरायचा आहे.