पोशाखावरची चमकती तार मध्येच विझते? या चुका टाळा

घरी बनवलेला, चमकती तार लावलेला पोशाख दुरुस्तीला माझ्याकडे आला की त्याच्याबरोबर एक वाक्य हमखास येते: "काल रात्रीपर्यंत नीट लागत होती हो." माझा त्यावर पूर्ण विश्वास असतो. काल रात्री तो पोशाख हँगरवर लटकत होता, आज तो कोणीतरी अंगात घातला. बिघाड शोधायला मला एवढी माहिती बहुतेक वेळा पुरते.

आधी या तारेच्या आत काय असते ते सांगते, कारण ते न बघताच लोक कात्री चालवतात. ईएल वायर म्हणतात ती हीच. मधोमध तांब्याची एक तार. तिच्यावर फॉस्फरचा थर, म्हणजे किंचित तांबे मिसळलेले झिंक सल्फाइड. त्या थरावरून गुंडाळलेल्या केसासारख्या बारीक दोन तारा. मग पारदर्शक आवरण आणि सगळ्यांत वर रंगीत आवरण. मधली तार आणि बारीक तारा यांच्यामध्ये एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, विजेचा दाब दिला की मधला थर उजळतो. झिंक सल्फाइडची भुकटी अशी उजळते हे जॉर्ज देस्त्रियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवले होते. आपल्या खिशातले सेल देतात डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, तीही जेमतेम ३ व्होल्ट. तारेला हवे असतात साधारण १०० व्होल्ट एसी, आणि तेही सेकंदाला हजार-दोन हजार वेळा उलटसुलट होणारे. हे काम ती छोटी डबी करते, तिला इन्व्हर्टर म्हणायचे. एलईडीच्या माळेचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही.

गुडघा, कोपर, खांदा

ही माझी सगळ्यांत जुनी तक्रार. माणूस सरळ उभा करायचा, तार मांडीपासून घोट्यापर्यंत सरळ रेषेत ठेवायची आणि घट्ट टाके घालत जायचे. दिसायला फार सुबक दिसते. पण पोशाख घालणारा माणूस बसणार आहे, वाकणार आहे, नाचणार आहे.

एका नाचाच्या गटाचे सात काळे पोशाख प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आले. अंधारात फक्त हातापायांच्या रेषा दिसाव्यात असा तो नाच होता. सातांपैकी चार पोशाखांचे पाय गुडघ्याखाली अंधारे झाले होते. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी सगळे सेल दोनदा बदलले होते, एक इन्व्हर्टर पेचकस घालून उघडला होता आणि दुसऱ्याची सोल्डर, म्हणजे वितळलेल्या कथिलाचा जोड, पुन्हा केली होती. कमरेपासून गुडघ्यापर्यंत तार लख्ख लागत होती, म्हणजे सेल आणि इन्व्हर्टर दोन्ही ठणठणीत होते. उजेड जिथे संपतो तिथे बोट ठेवले तर चारही पोशाखांत ते बोट वाटीवरच येत होते.

मी एका मुलाला पोशाख घालून उकिडवे बसायला सांगितले आणि मांडीच्या मध्यापासून नडगीच्या मध्यापर्यंत गुडघ्यावरून टेप लावली. उभे असतानाच्या मापापेक्षा ते चांगले तीन बोटे जास्त भरले. ही तीन बोटे कापड ताणून देऊ शकते, तारेला ताणता येत नाही. मधली तांब्याची तार जाड असते, ती हा ताण काही काळ सोसते. केसासारख्या त्या दोन तारा सोसत नाहीत. त्यातली एक तुटली तरी दुसरी पुढे वीज नेत राहते, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. दुसरी तुटली की तिथून पुढचे सगळे विझते. "काल रात्रीपर्यंत लागत होती" याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की पहिली तार आधीच गेलेली होती.

आवरणाच्या आत तुटलेली ती बारीक तार जागच्या जागी जोडता येत नाही. निदान मला तरी आजवर टिकेल अशी जोडता आलेली नाही. त्या रात्री मी अंधार सुरू होतो तिथे तार कापली. वरच्या तुकड्याचे टोक बंद केले. खालच्या तुकड्याला नवे टोक काढून, कमरेपासून बाहेरच्या शिवणीतून आणलेली साधी, मऊ, अनेक पदरी वायर जोडली. गुडघ्यावरून जाणारा भाग आता न चमकणारा होता, पण वाकून तुटणाराही नव्हता. तीन पोशाख रात्री अडीचपर्यंत उभे राहिले. चौथ्याची तार हातभर लांबीत दोन ठिकाणी गेली होती, म्हणून त्याच्या दोन्ही पायांवरची तार मी सरळ काढून टाकली. एकच पाय अंधारा राहिला असता तर तो बिघाड दिसला असता.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. तार सांध्यावरून न्यायचीच नाही. मांडीवर एक तुकडा, नडगीवर दुसरा, मध्ये चार बोटांची अंधारी जागा आणि शिवणीतून साधी वायर. अंधारात बघणाऱ्याची नजर ती रेषा आपोआप जोडून घेते. कोणाला अखंड रेषाच हवी असेल तर पायाच्या बाहेरच्या शिवणीवरून न्या, गुडघ्याच्या समोरून नको, आणि तिथे तार नागमोडी ठेवून टाके फक्त वर आणि खाली घाला. माप घेताना माणूस बसलेला आणि हात वर केलेला असावा. काखेजवळून तार गेली असेल तर हात वर करून बघायला विसरू नका, तिथे ती अशी ताणते की टाकेच उसवतात.

टाक्यांचेही सांगते. मी पारदर्शक तंगूस वापरते, दोन बोटांच्या अंतराने, आणि तार टाक्यात सरकली पाहिजे इतकी सैल. टाका आवळला की आवरण आत दबते आणि तिथेच पुढे तुटते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तार चिकटवणाऱ्यांना मी कळकळीने सांगते की नका करू. त्या गोंदाने आवरण ताठर होते, आणि पहिल्या वळणाला तिथेच चिरते. शिवायचा कंटाळा आला म्हणून वाचवलेले दोन तास पुढे सगळी तार उसवण्यात जातात.

कापलेले टोक तसेच सोडणे

दुसरी लाडकी चूक. तार हवी तेवढी ठेवून उरलेली कापली, आणि ते टोक कापडाखाली दडवून टाकले. कटरच्या दाबाने बारीक तारा मधल्या तारेवर चेपल्या जातात. त्या तिला टेकल्या की शॉर्ट. कधी सगळा पोशाख एकदम विझतो, कधी टोकाशी ठिणगी उडून काळा डाग पडतो, कधी इन्व्हर्टर जातो. आणि मग लोक काय करतात, तर नवा इन्व्हर्टर त्याच तारेला लावतात. तोही जातो. एका मुलीने माझ्याकडे पोशाख आणला तेव्हा तिचे तीन इन्व्हर्टर गेले होते, आणि टोक तीनही वेळा तेच होते.

मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोके आतून जोडलेली असली की बीप देणाऱ्या खुणेवर, ठेवा, इन्व्हर्टर सोडवून घ्या, एक काडी मधल्या तारेच्या जोडाला आणि दुसरी बारीक तारांच्या जोडाला लावा. बीप वाजता कामा नये. वाजला तर बोटभर तुकडा टोकाकडून कापा आणि पुन्हा बघा. बहुतेक वेळा तेवढ्यातच शॉर्ट निघून जातो. कापलेले टोक मी भिंगाखाली धरते, बाहेर आलेले बारीक केस छाटते, ग्लू गनचा एक थेंब देते आणि त्यावर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आकसणारी नळी, चढवून तिचे पुढचे तोंड गरम असतानाच चिमट्याने दाबून बंद करते. थेंबाचे काम शॉर्ट टाळण्याइतकेच घाम अडवण्याचेही आहे. फॉस्फरला ओल चालत नाही. उघड्या टोकातून घाम आत गेला की टोकाकडून तार हळूहळू काळवंडत येते, आणि काळवंडलेला भाग पुन्हा उजळत नाही.

याच ठिकाणी एक सुरक्षिततेची गोष्ट. यातला प्रवाह अगदी कमी असला तरी दाब १०० व्होल्टच्या आसपास असतो. उघडे टोक किंवा फाटलेले आवरण घामेजलेल्या कातडीला लागले तर चांगला चटका बसतो. लहान मुलांच्या पोशाखात मी तारेच्या सगळ्या जोडांवर आतून अस्तराची पट्टी शिवते, आणि ती शिवायला वेळ नसेल तर तार लावत नाही.

इन्व्हर्टर आणि लांबी

इन्व्हर्टरवर किंवा त्याच्या कागदावर लिहिलेले असते की तो किती मीटर तारेसाठी आहे. ते वाचा. मोठ्या माणसाच्या पूर्ण पोशाखाला माझी ९-१० मीटर तार जाते, आणि दोन सेलांच्या बारक्या डबीवर ती लावली की मिणमिणते. मग लोक म्हणतात तार हलकी निघाली. उलट बाजूही तितकीच खरी. मोठ्या इन्व्हर्टरला हातभर तुकडा जोडला तर तो प्रखर लागतो, बघणारा खूश होतो, आणि तार लवकर म्हातारी होते. तार न जोडता इन्व्हर्टर चालू करून "आवाज येतो का" बघणे तर पूर्ण बंद करा, बऱ्याच डब्या त्यानेच जळतात.

अनेक तुकडे असतील तर ते समांतर जोडायचे: सगळ्या मधल्या तारा एकत्र, सगळ्या बारीक तारा एकत्र. एका तुकड्याच्या बारीक तारा दुसऱ्याच्या मधल्या तारेला अशी साखळी केली तर दाब वाटला जातो आणि सगळेच मंदावतात.

रिचार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. दोन सेलांच्या डबीत हा फरक डोळ्यांना दिसतो. प्रयोगाला मी नवे साधे सेल घालते, तालमीला रिचार्जवाले.

निळसर-हिरव्या तारेचा रंग दोन पोशाखांवर वेगळा दिसला तर तार बदलू नका. इन्व्हर्टरची वारंवारता, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तो आकडा, वाढली की ती निळ्याकडे झुकते, कमी झाली की हिरव्याकडे. शेजारी उभ्या राहणाऱ्या दोघांना एकाच जातीचे इन्व्हर्टर द्या.

सोल्डरिंगची घाई

स्ट्रिपर, म्हणजे वायर सोलायचे हत्यार, एकदम आतपर्यंत दाबला की बारीक तारा आवरणाबरोबर निघून जातात, आणि मग सोल्डर करायला काही उरतच नाही. रंगीत आवरण आधी, पारदर्शक नंतर, दोन्ही ब्लेडने गोल हलकी रेघ मारून ओढून काढायची. बारीक तारा मागे वळवायच्या, आवरणावर तांब्याच्या चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा आणि त्या तारा त्या पट्टीवर सोल्डर करायच्या. पट्टीला आधीच कथिल लावून ठेवले तर सोल्डरिंगची इस्त्री क्षणभरच टेकवावी लागते आणि खालचे आवरण वितळत नाही. मधल्या तारेवरचा फॉस्फर नखाने किंवा ब्लेडच्या पाठीने पूर्ण खरवडा, नाहीतर कथिल धरत नाही.

श्रिंक स्लीव्ह सोल्डरच्या आधी तारेत ओवायची. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण एकदा तरी जोड पुन्हा तोडतो.

जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर कापडाला टाक्याने बांधा. हिसका टाक्याने खायला हवा, सोल्डरने नाही. हलवले की लुकलुकते आणि सगळी तार एकदम लुकलुकते, तर दोष इन्व्हर्टरजवळच्या जोडात आहे. ठरावीक ठिकाणापुढचीच लुकलुकते, तर त्या ठिकाणी आतली तार तुटायला आली आहे.

स्वस्त मल्टीमीटरच्या एसी मापावर इन्व्हर्टर तपासू नका, इतक्या वारंवारतेला त्यातले बरेच चुकीचा आकडा दाखवतात. चालू असल्याची खात्री असलेला मीटरभर तारेचा तुकडा जोडून बघा. तो लागला तर इन्व्हर्टर चांगला.

इन्व्हर्टर शिट्टी वाजवतोच, तो बिघाड नाही. मऊ कापडाच्या पिशवीत घालून कमरेला मागे ठेवा, कॉलरच्या माइकपासून लांब.

पोशाख धुवायचा असेल तर तार आधीच सुट्या पट्टीवर शिवून ती पट्टी वेलक्रोने लावा. तारेवरून इस्त्री फिरवू नका. ठेवताना घडी घालू नका, ताटाएवढे मोठे वेटोळे करून उन्हापासून लांब टांगा.

प्रत्येक तुकडा मी तीनदा लावून बघते: रीळावरून कापल्यावर, टोक बंद केल्यावर आणि कापडाला शिवल्यावर. शेवटी पोशाख घालणाऱ्याला अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटे त्याचा खरा नाच करायला लावते, तोही प्रयोगाच्या किमान दोन दिवस आधी. विंगेत माझ्या पिशवीत एक जोडलेला सुटा इन्व्हर्टर, नवे सेल, तंगूस ओवलेली सुई, काळी चिकटपट्टी आणि दोन्ही टोके तयार असलेला दोन मीटरचा तुकडा असतो. तिथे सोल्डरिंगची इस्त्री मी मुद्दाम नेत नाही. अंधारात, घाईत, अंगावरच्या पोशाखावर सोल्डर करायला मी कोणालाही देणार नाही. जोड सुटलाच तर त्या भागाची वायर काढते, तिचे उघडे टोक चिकटपट्टीने गुंडाळते आणि बाकीच्या रेषा चालू ठेवून माणसाला रंगमंचावर पाठवते.