हायड्रोजन पेरॉक्साइडचा बायोसेन्सर: एन्झाइमवर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

बायोसेन्सरमध्ये इलेक्ट्रोडवर बसवलेलं एन्झाइम पेरॉक्साइडशी अभिक्रिया करतं, आणि त्यातून येणाऱ्या करंटवरून पेरॉक्साइड किती ते कळतं. करंट आला नाही की पहिला संशय एन्झाइमवर. एचआरपीची (हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज या एन्झाइमची) नवी बाटली मागवायची, ती येईपर्यंत काम थांबवायचं, आणि नव्या बाटलीनंही रीडिंग तेच! खरं तर हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज चांगलं दणकट असतं. कोरडी पावडर थंडाव्यात ठेवली तर सहजासहजी निकामी होत नाही. दोष बहुतेक वेळा स्टँडर्डमध्ये (ठरावीक ताकदीच्या द्रावणात), पाण्यात नाहीतर रेफरन्समध्ये (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्या इलेक्ट्रोडमध्ये) सापडतो. तिथूनच तपासायला सुरुवात करा.

पेरॉक्साइडची ताकद मोजा, गृहीत धरू नका

बाटलीवर ३०% छापलंय म्हणून ९.८ मोलर धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, त्यात लोडशेडिंग. अर्धी वापरलेली, सारखी उघडलेली बाटली आपली ताकद गमावत राहते. त्यातले १०२ मायक्रोलिटर घेऊन पाण्यानं १०० मिलिलिटर करा. हे कागदावर १० मिलिमोलर झालं. आता १ सेंमीच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या पारदर्शक डबीत) २४० नॅनोमीटरला शोषण बघा. मोलर शोषणांक ४३.६ धरला तर ०.४३६ यायला हवं. ०.३३ आलं तर तुमच्या हातात ७.६ मिलिमोलरच आहे, आणि सेन्सरची संवेदनशीलता विनाकारण पाव हिश्शानं कमी दिसणार. साधी काच किंवा प्लॅस्टिकची क्युव्हेट इथे चालत नाही, तीच प्रकाश खाते. यूव्ही मशीन नसेल तर आम्लात परमँगनेटचं टायट्रेशन करा: २ मोल परमँगनेटला ५ मोल पेरॉक्साइड. पातळ स्टँडर्ड रोज सकाळी नवं करायचं, संध्याकाळी ओतून द्यायचं.

पाण्याचंही तसंच. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे फॉस्फेट बफर गढूळ होतं आणि लोहाचे अंश पेरॉक्साइड मोडतात. घरगुती आरओ पुरेसा नाही. बॅटरीत घालायचं पाणी ‘तेवढंच शुद्ध’ म्हणून आणत असाल तर आधी वाहकता मोजा. तयार बफर वापरत असाल तर लेबल वाचा: टिकण्यासाठी सोडियम अझाइड घातलेलं असेल तर ते थेट एन्झाइमच्या हीमला (लोह असलेल्या क्रियाशील भागाला) जाऊन चिकटतं.

रेफरन्स आणि इलेक्ट्रोड

स्क्रीन-प्रिंटेड (छापील इलेक्ट्रोडच्या) पट्टीवरची रेफरन्सची चांदी क्लोराइडच्या भरवशावर असते. ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.०) ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड घातलं नाही, तर मुळात शून्यच सरकत राहतो. काचेच्या रेफरन्समध्ये टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा बघा. प्लॉट अचानक वेडावाकडा होण्यामागे बऱ्याचदा तोच असतो.

ग्लासी कार्बन ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉन अॅल्युमिनावर घासा, धुवा, एक-दोन मिनिटं सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडनं स्वच्छ करा). नंतर ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमधल्या ५ मिलिमोलर फेरिसायनाइडमध्ये सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे फिरवून करंटचा आलेख) घ्या. दोन शिखरांतलं सैद्धांतिक अंतर ५९ मिलिव्होल्ट; ८०च्या आत असेल तर ठीक, १००च्या वर गेलं तर परत घासा. हे जमल्याशिवाय एन्झाइमचा थेंब टाकू नका.

थेंब टाकताना

३ मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडला ५ मायक्रोलिटर पुरतात. उन्हाळ्यात पंख्याखाली हा थेंब बघता बघता वाळतो, सगळं प्रथिन कडेला जाऊन वर्तुळ होतं आणि मधला भाग उघडा राहतो. ओला टीपकागद ठेवलेल्या डबीत इलेक्ट्रोड झाकून रात्रभर ४ अंश सेल्सियसला ठेवा. ग्लुटाराल्डिहाइड (प्रथिनं एकमेकांना जोडणारं रसायन) जास्त झालं की थर घट्ट होतो खरा, पण एन्झाइमही जखडलं जातं. ते सौम्य घ्या आणि सोबत बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला. ट्रिस बफर मात्र अजिबात नको, त्यातलं अमाइन ग्लुटाराल्डिहाइड आधीच फस्त करतं.

हायड्रोक्विनोन मध्यस्थ (एन्झाइम आणि इलेक्ट्रोडमध्ये इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा) असेल तर त्याच दिवशीचंच वापरा. हवेत ते क्विनोन होतं, द्रावण तपकिरी दिसू लागतं आणि पेरॉक्साइड न घालताच करंट चढतो. साधारण उणे ०.२ व्होल्टला मोजताना ऑक्सिजनकडेही लक्ष हवं, विशेषतः इलेक्ट्रोडवर धातूचे नॅनोकण असतील तर. ऑक्सिजन घालवायला द्रावणात १५-२० मिनिटं नायट्रोजन सोडा. मोजताना नळी द्रावणातून काढून पृष्ठभागाच्या वर धरा, नाहीतर बुडबुड्यांमुळे होणारे करंटचे चढउतारच मोजाल. एन्झाइमऐवजी फक्त बीएसए लावलेला एक इलेक्ट्रोड कायम जोडीला ठेवा. तोही प्रतिसाद देत असेल तर एन्झाइम काय करतंय ते तुम्हाला कळलेलंच नाही.

जास्त पेरॉक्साइडवर आलेख खाली वळला तर पुढे ढकलत बसू नका. अतिरेकी पेरॉक्साइडनं एचआरपी कंपाउंड-३ या सुस्त रूपात जातं, काही प्रमाणात कायमचं बाद होतं. नेहमी कमीकडून जास्तीकडे जा.

दुधाची गंमत

दूध टिकवण्यासाठी पेरॉक्साइड घालणं ही भेसळच, त्यामुळे संकलन केंद्रावरच्या दुधावर सेन्सर लावून बघावासा वाटतोच. पण कच्च्या दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज आणि कॅटलेज असतं. घातलेलं पेरॉक्साइड तुमच्या डोळ्यांदेखत कमी होत जातं. उकळलेल्या दुधात रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती सापडलं ते) छान येते, कारण ही एन्झाइमं उकळताना मरतात, आणि लोक तोच आकडा कच्च्या दुधाला लावतात. पाश्चराइज्ड दुधातही लॅक्टोपेरॉक्सिडेज बरंचसं जिवंत असतं. म्हणून नमुना घेतल्याबरोबर बफरमध्ये दहापट पातळ करा, लगेच मोजा, आणि बफरमधल्या कॅलिब्रेशनवरून नव्हे तर त्याच नमुन्यात तीनदा स्टँडर्ड घालून उत्तर काढा. केसीन आणि स्निग्धांश पट्टीवर बसतात, धुऊन पूर्ण निघत नाहीत. एका नमुन्याला एकच पट्टी, मग ती टाकून द्या.