बुबुळावरची बुरशी: स्क्रेपिंग आधी, थेंब नंतर

ठाणे-नवी मुंबईच्या नेत्रविभागात नव्याने रुजू होणाऱ्यांनी भातकापणीच्या दिवसांत सावध राहावं. मुरबाड-शहापूरकडचा रुग्ण सांगतो, 'डोळ्यात कुसळ गेलं होतं, आता फूल पडलंय.' ऐरोली-वाशीकडून येतात ते कॉन्टॅक्ट लेन्सवाले. दोघांनाही आधी विचारा, कुठले थेंब घातले? बाटली मागून घ्या आणि लेबल स्वतः वाचा. दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत बरेचदा स्टिरॉइड निघतं. त्याने लाली उतरते, रुग्णाला बरं वाटतं आणि बुरशी आत पसरत जाते.

स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) कोरडा, किंचित उचललेला, पिसासारख्या कडांचा डाग दिसतो. शेजारी बारके उपडाग, कधी खाली पू. पण नुसत्या रूपावर विसंबू नका.

अँटिफंगल, म्हणजे बुरशीविरोधी औषध, सुरू करण्याआधीच स्क्रेपिंग करा, म्हणजे तपासणीसाठी डाग खरवडून घ्या. डोळा बधिर करायला प्रोपॅराकेन ०.५ टक्के घाला, वरचा सैल थर बाजूला काढा, मग १५ नंबरच्या ब्लेडने डागाची कड आणि तळ दोन्ही खरवडा. नवखे मधलाच मऊ भाग घेतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पातळ झाला असेल तर तळाला हात लावण्याआधी वरिष्ठांना बोलवा. एक स्लाइड ग्रॅम रंगासाठी, एक १० टक्के केओएचसाठी (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). मग ब्लड अगर आणि सॅबुरो या जंतू-बुरशी वाढवायच्या माध्यमांवर इंग्रजी सी अक्षराच्या आकारात रेघा ओढा. सॅबुरो सायक्लोहेक्झिमाइड नसलेलंच हवं, नाहीतर ज्या बुरशीचा शोध घ्यायचा तीच दबते. २५ ते २७ अंशांवर दोन आठवडे ठेवा. रेघेबाहेर उगवलं ते बहुधा हवेतलं.

केओएचची स्लाइड पाच-दहा मिनिटं थांबून बघा. पडदे असलेले तंतू दिसले तर बहुतेक फ्युझेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस. तंतू रुंद, फितीसारखे आणि पडदे तुरळक असतील तर पिथियमची शंका घ्या. ती खरी बुरशी नाही, त्यामुळे नॅटामायसिन हे बुरशीविरोधी औषध तिथे फारसं चालत नाही. लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांकडे वळावं लागतं.

तंतूंच्या बुरशीला नॅटामायसिन ५ टक्के, जागेपणी दर तासाला. २०१३ च्या मट (मायकोटिक अल्सर ट्रीटमेंट ट्रायल) चाचणीत ते व्होरिकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधापेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युझेरियममध्ये. बाटली दर वेळी हलवायलाच हवी, औषध तळाशी बसतं. त्याचाच पांढरा साका जखमेत अडकतो आणि डाग वाढल्यासारखा भासतो. सलाइनने धुऊन मगच मापं घ्या. सोबत बाहुली मोठी करणारं होमॅट्रोपिन २ टक्के. पट्टी बांधू नका, स्टिरॉइड नको. अ‍ॅम्फोटेरिसिन (हेही बुरशीविरोधी औषध) ०.१५ टक्के बनवायचं असेल तर ५० मिलिग्रॅमची साधी व्हायल १० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. त्यातलं ३ मिली घेऊन त्याच पाण्याने १० मिली करा. सलाइन घातलं की औषध फाटतं.

कडा बोथट होणं ही सुधारणेची पहिली खूण. दुखणं थांबलं की रुग्ण थेंब सोडतो, म्हणून उपचार कित्येक आठवडे चालतील हे घरच्यांनाही पहिल्याच दिवशी सांगा. नॅटामायसिन खोलवर पोचत नाही. औषध नीट चालू असूनही डाग कडेकडे सरकत असेल तर तो लिंबसला (कॉर्निया आणि डोळ्याचा पांढरा भाग जुळतो ती कड) भिडण्याआधीच कॉर्निया प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा.