राग आल्यावर या चुका टाळा

मे महिन्यात यावल-रावेरकडे पारा ४५ च्या आसपास जातो. केळीची पाण्याची पाळी हुकली की पानं माना टाकतात, आणि सामाईक विहिरीवर भाऊबंदकी पेटते. तीन वर्षांपूर्वी माझ्या पाळीच्या रात्री चुलतभावानं मोटर लावली, तेव्हा मीही पेटलो. रागात माणूस ज्या चुका करतो, त्यातल्या बहुतेक मी त्या एका रात्रीत केल्या.

तापल्या अंगानं मोबाइल हातात घेणं. रागात ॲड्रेनॅलिन वाढतं, छाती धडधडते, हात शिवशिवतात. परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग त्या वेळी मागे पडतो, म्हणून सुचलेलं उत्तर बिनतोड वाटतं. मी भावकीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. नंतर पुसला, पण तोवर सगळ्यांनी ऐकला होता. लिहायचंच असेल तर वहीत लिहा आणि सकाळी वाचा.

भडास काढली की मन मोकळं होतं, असं मानणं. ही समजूत सर्वांत घातक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये चिडलेल्या विद्यार्थ्यांना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. ज्यानं चिडवलं त्याला मनात आणून मारणारे सर्वांत जास्त संतापलेले निघाले. नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही दिसलं की राग उतरतो तो अंग शांत करणाऱ्या गोष्टींनी, धावण्यानं नाही. आपल्याकडे मात्र सांगतात, "जा, कुदळ मारून ये." मी बांधावर चकरा मारत तेच तेच घोकत राहिलो आणि शेवटी आजोबांच्या वाटणीपर्यंत पोचलो. त्यापेक्षा बाजेवर बसायला हवं होतं. चार मोजत श्वास घ्या, सहा-आठ मोजत सोडा. श्वास लांबवून सोडला की ठोके मंदावतात. पाच मिनिटं तरी करा. उपाशी असाल तर आधी दोन घास खा.

गिळून टाकणं. घरातल्या बायांना आपण हेच शिकवतो: "जाऊ दे, बोलू नको." चेहरा शांत राहतो, अंगातला ताण तसाच राहतो, आणि संध्याकाळी लेकराच्या पाठीत धपाटा बसतो.

भावना बाजूला ठेवून नुसत्या डोक्यानं वागू, असं ठरवणं. मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दामासिओ यांच्या एका रुग्णाच्या मेंदूतली गाठ काढल्यावर त्याची बुद्धी शाबूत राहिली, भावना बोथटल्या. त्याला साधे साधे निर्णयही घेता येईनात. म्हणजे राग काही सांगत असतो. तो निवल्यावर ऐकायचा. माझं गेलं होतं एका रात्रीचं पाणी, आणि मी भावाला चोर म्हणालो होतो.

सकाळी विचारलं, "दादा, रात्री मोटर का लावली?" त्याच्या बोअरला वीज देणारी डीपी जळाली होती, दोन दिवस बाग कोरडी होती. न विचारता मोटर लावणं चूकच, आणि तेही मी सांगितलं. आता पाळीचा कागद पंपाच्या खोलीत टांगलेला आहे.

वारंवार हात उगारला जात असेल, तर श्वासावर भागवू नका. १४४१६ ही टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

पाण्याचं मिटलं. पण तो मेसेज काकूंनीही ऐकला होता. त्या अजून आमच्या शेतात भरीत-पुरीला आलेल्या नाहीत.