गटप्रकल्पाचं गूगल शीट: लिंक देण्याआधी हे वाचा

नववीचा वर्ग गावातल्या विहिरींची पाहणी करणार आणि सगळ्यांची माहिती एका जागी यायला हवी. गूगल शीट उघडा, वर रकाने लिहा: गट, विहीर, तारीख, पाणी किती फुटांवर. झालं.

मग लिंक द्यायची वेळ येते. 'लिंक असलेल्या कुणालाही' एडिटर करा, म्हणजे बदल करायची मुभा द्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, असं सर्रास सांगतात. अजिबात करू नका. मी केलं होतं. ४२ मुलं, रात्रीचे साडेआठ. नऊ वाजता बघतो तर दोन गटांच्या ओळी गायब आणि फुटांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बदामाचं चित्र. कुणी केलं? कोपऱ्यात नुसते 'अनामिक' प्राणी बसलेले. लॉगिन न करता आलेल्याला शीट प्राण्याचं नाव देतं. व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्या नोंदीतही, नाव सापडेना. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे साळसूद.

म्हणून माझा नियम: माहिती गोळा करताना मुलांना शीटमध्ये येऊच द्यायचं नाही. त्यांना गूगल फॉर्म द्या, तो एकदा शीटला जोडला की उत्तरं आपोआप तिथे उतरतात. शीट सगळ्यांना फक्त बघण्यापुरतं. फॉर्ममध्ये गट ड्रॉपडाउनने, म्हणजे तयार यादीतून, निवडायला लावा, नाहीतर 'गट ३', 'तिसरा', 'आमचा गट' असं काहीही येतं. फुटांच्या प्रश्नाला रिस्पॉन्स व्हॅलिडेशन लावून फक्त संख्या चालेल असं करा. 'खूप खाली' हे उत्तर मी वाचलेलं आहे.

अहवाल मात्र एकत्रच लिहायचा असतो. तिथे प्रत्येक गटाचं वेगळं डॉक्युमेंट करा आणि लिंकने नाही, ईमेल पत्त्याने पाच-सहा जणांनाच एडिटर करा. बऱ्याच मुलांचं खातं वडिलांचंच असतं. मग हिस्टरीत वडिलांचं नाव दिसतं, म्हणून कोणतं खातं कुणाचं ते हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा.

तरीही काही उडालंच तर घाईने जुनी आवृत्ती रिस्टोअर करू नका, त्यानंतर इतरांनी लिहिलेलंही त्यासोबत जातं. संगणकावर हिस्टरी उघडा, जुन्या आवृत्तीची कॉपी काढा आणि हरवलेला भाग तेवढा उचलून आणा.

घरी मोबाइल नसलेल्यांना कागदावर तक्ता द्या, फॉर्म गटप्रमुख भरेल.