सिनेमातलं जॅकेट मागवताय? आधी उन्हातला फोटो मागा

माझा के-चा कोट आला तो नारिंगी. के म्हणजे 'ब्लेड रनर २०४९' या विज्ञानपटाचा नायक. तो सिनेमा ज्यांनी मन लावून पाहिलाय त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. सिनेमातला कोट काळपट हिरवा आहे. पण सिनेमाच्या उत्तरार्धात के लास वेगासला जातो, तिथे धुळीनं सगळं आसमंत केशरी झालेलं असतं, आणि शिवणाऱ्यानं कोटाचा रंग उचलला होता तो नेमका त्या दृश्यातून. साइटवर फोटोही तोच होता, सिनेमातला. मी तीन आठवडे विक्रेत्यांची तुलना केली होती, मापं दोनदा घेतली होती, कॉलरच्या उंचीवरून चार मेल लिहिले होते. शिवून झालेल्या कोटाचा उन्हात काढलेला फोटो मात्र मागितला नाही. तेवढ्या एका गोष्टीपायी सहा महिन्यांची बचत गेली. परत पाठवायचा खर्च कोटाच्या जवळजवळ निम्मा येत होता, म्हणून तो अजून पुण्यातल्या माझ्या कपाटात आहे.

आता दुसऱ्यांदा करतेय, तर जे जे शिकले ते लिहून ठेवते. विज्ञानपटांतल्या कुठल्याही जॅकेटला हे लागू पडेल.

सगळ्यात आधी कुठलं जॅकेट हवंय ते पक्कं करा. 'स्टार-लॉर्डचं जॅकेट' एवढं म्हणून भागत नाही. २०१४ च्या पहिल्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'मध्येच त्याचा एक लांब कोट आहे आणि एक आखूड जॅकेट. त्या भागाचे कपडे अलेक्झांड्रा बर्न यांचे, २०१७ च्या दुसऱ्या भागाचे जुडिआना माकोव्स्की यांचे. विक्रेते या सगळ्यांची खिचडी करून एकाच नावाखाली विकतात. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये पो नावाच्या वैमानिकाचं जॅकेट त्याच्या साथीदाराकडे, फिनकडे जातं, शेवटी फिनच्या पाठीवर लाइटसेबरचा, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीचा वार बसतो, आणि २०१७ च्या पुढच्या भागात तेच जॅकेट पाठीवर शिवलेलं दिसतं. म्हणजे तुम्हाला धड पाठ हवी की शिवलेली, हे तुम्हीच ठरवायचं. विक्रेता विचारणार नाही. कागदावर एक ओळ लिहा: सिनेमा, भाग, दृश्य.

मग पुरावे जमवा. पुढून, मागून, कॉलर, बाहीचं टोक, खिसे, अस्तर, असे वेगवेगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाका. पाठीचा फोटो मुद्दाम शोधा, कारण पोस्टरवर पाठ कधीच नसते आणि नकला करणारे पाठ मनानं शिवतात. सिनेमा थांबवून घेतलेली चित्रं शिवण, खिसे आणि टिपा पाहायला चांगली. रंगासाठी त्यांचा काडीचाही उपयोग नाही. रंगासाठी चित्रीकरणाच्या वेळचे साध्या उजेडातले फोटो पाहा, प्रदर्शनात मांडलेल्या मूळ कपड्यांचे पाहा, लंडनच्या प्रॉप स्टोअरसारख्या लिलाव करणाऱ्यांच्या कॅटलॉगमधले पाहा. लिलावाचे फोटो साध्या पांढऱ्या प्रकाशात, सगळ्या बाजूंनी काढलेले असतात आणि मोठे करून पाहता येतात.

रंगाबद्दल एवढं का बोलतेय ते एका उदाहरणानं सांगते. 'स्टार वॉर्स'च्याच 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये हान सोलो हा नायक बर्फात जो पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट घालतो, त्याचे प्रसंग १९७९ मध्ये नॉर्वेतल्या फिन्से इथे खऱ्या बर्फात चित्रित झाले. चाळीस वर्षं उलटून गेली तरी तो पार्का निळा की तपकिरी यावरून चाहते भांडतात. दोघांनी एकच सिनेमा पाहिलेला असतो. बर्फाचा निळसर उजेड कापडावर पडतो आणि डोळा फसतो. 'ब्लेड रनर २०४९'मध्ये तर रॉजर डीकिन्स यांनी छायाचित्रणाचं ऑस्कर मिळवलं ते याच करामतीवर: एकदा निऑनचा गुलाबी, एकदा बर्फाचा करडा, एकदा वेगासचा केशरी. एकाच कोटाचे तीन रंग दिसतात. त्यातला खरा कुठला हे पडद्यावरून कळत नाही, आणि विक्रेत्याच्या साइटवर पडद्यावरचाच फोटो असेल तर त्याला तरी कुठून कळणार?

म्हणून उन्हातला फोटो. त्यानं स्वतः शिवलेल्या नगाचा, दुपारच्या उन्हात किंवा उघड्या सावलीत, बाजूला कोरा पांढरा कागद ठेवून. कागद का, तर तो फोटोत पिवळा किंवा निळा दिसला की कोटाचा रंगही तितकाच सरकलाय हे लगेच लक्षात येतं. हा फोटो आल्याशिवाय एक रुपयासुद्धा भरू नका.

आता कापड की कातडं. इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. के-चा कोट सगळीकडे 'शीअरलिंग लेदर', म्हणजे लोकरीसकट मेंढीचं कातडं म्हणून विकला जातो आणि लोक त्या कातड्यासाठी दुप्पट मोजतात. वेशभूषाकार रने एप्रिल यांनी मुलाखतींत सांगितलंय की तो कोट सुती कापडाचा होता, त्यावर लेप चढवून आणि रंगवून कातड्यासारखा केलेला, आणि कॉलरची फर खोटी. कारण साधं आहे, त्या सिनेमात पाऊस थांबतच नाही. खरी शीअरलिंग तशी रोज भिजवली असती तर जड होऊन लोंबायला लागली असती. म्हणजे महागाचं कातडं घेऊन तुम्ही मूळ कोटापासून लांबच जाता. आपल्याकडे रेक्झिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं, पण खूप वरच्या प्रतीचं, मऊ आणि बिनचकाकीचं कापड त्याला हवं. ज्या जॅकेटांना खरंच कातडं लागतं तिथे 'जेन्युइन लेदर' एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नका. त्याखाली काहीही येतं. कुठल्या जनावराचं, किती मिलिमीटर जाड, आणि फुल ग्रेन, म्हणजे वरचा मूळ थर न घासलेलं आहे का, हे विचारा. पीयूचं, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं नकली कातडं असेल तर मुंबईत, कोकणात, गोव्यात घेऊच नका. दमट हवेत त्याचा वरचा थर सुटायला लागतो, आधी कॉलरवर, मग कोपरांवर, आणि एकदा सुटायला लागला की थांबत नाही. पुण्यात थोडं जास्त टिकेल, इतकंच. खऱ्या कातड्याला आपल्या पावसाळ्यात बुरशी येते, पण ती पुसता येते.

कापड ठरलं की तुलना करा, पण दोन-तीन विक्रेत्यांचीच. मी अकरा जणांची केली होती आणि शेवटी कोण काय म्हणालं होतं तेच आठवेना. एका कागदावर रकाने आखा: कापड, कॉलर, पाठ, अस्तर, चेन की बटणं, परतीची अट. के-च्या कोटात सगळा जीव कॉलरमध्ये आहे. ती बंद केली की नाकापर्यंत यायला हवी आणि आतून फर दिसायला हवी. पुष्कळ नकलांमध्ये ती हनुवटीखालीच संपते, कारण तेवढंच कापड वाचतं. कॉलर बंद करून काढलेला फोटो मागा. तो मागताय तर तेव्हाच उन्हातला पण मागा, एका फेरीत दोन्ही कामं होतील. पुढच्या मेलमध्ये मागू म्हणून मी ठेवलं होतं, आणि तो पुढचा मेल गेलाच नाही, कारण मधल्या काळात 'आज रात्रीपर्यंत सवलत' असा निरोप आला आणि मी पैसे भरून मोकळी झाले. सवलत पुढच्या आठवड्यातही असते. फोटो येईपर्यंत थांबा.

मापं. अंगाची घेऊ नका, तुम्हाला नीट बसणाऱ्या जॅकेटची घ्या. ते सपाट पसरा आणि काखेपासून काखेपर्यंत, शोल्डर, बाही, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर), पाठीची उंची, सगळं इंचात लिहा. विक्रेत्याकडून तयार कपड्याची अशीच मापं मागवा, एस-एम-एल नकोत. लांब कोटात आणखी एक अडचण असते. पडद्यावरचा नट सहा फूट उंच आणि तुम्ही पाच फूट चार इंच असाल तर त्याच्या गुडघ्यापर्यंतचा कोट तुमच्या पोटरीवर येतो, खिसे खाली उतरतात, सगळा घाट बिघडतो. उंची तुमच्या गुडघ्यापर्यंत मोजून सांगा आणि खिसेही त्याच प्रमाणात वर घ्यायला सांगा. मुंढा वरच घ्या. सैल मुंढ्याचा कोट हात वर केला की अख्खा वर उचलला जातो.

माल कुठून निघणार हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. अशी जॅकेटं शिवणाऱ्या कारखान्यांचं मोठं ठिकाण म्हणजे पाकिस्तानातलं सियालकोट. साइटवर पत्ता अमेरिकेचा किंवा इंग्लंडचा असला तरी पार्सल बरेचदा तिथूनच सुटतं. भारतात मे २०२५ पासून पाकिस्तानातून येणाऱ्या मालाला पूर्ण बंदी आहे, तिसऱ्या देशातून फिरवून आणला तरी. पार्सल कस्टममध्ये अडकलं तर सोडवता येणार नाही आणि विक्रेता म्हणेल, आम्ही तर पाठवलं. न्यू जर्सीत किंवा लंडनला राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही अडचण नाही, पण त्यांच्याकडे मागवून मग सुटीत घेऊन यायला सांगण्याआधी त्यांना माल कुठला ते स्पष्ट सांगा. आपल्या हौसेपायी विमानतळावर दुसऱ्याला उत्तरं द्यायला लागू नयेत. बाकी देशांतून येणाऱ्या पार्सलवर शुल्क लागतं ते कोटाची किंमत आणि वाहतूक खर्च दोन्ही धरून, त्यामुळे हिशेब करताना शिपिंग विसरू नका. किंमत कमी दाखवून पाठवतो असं विक्रेता म्हणाला तर नको म्हणा. पार्सल हरवलं की भरपाईही त्या खोट्या किमतीवरच मिळते.

पैसे कार्डानं भरा, म्हणजे काही झालं तर बँकेकडे तक्रार करता येते. थेट खात्यात पाठवू नका.

आणि भरायच्या क्षणी थांबून एकदा पाहा: उन्हातला फोटो आलाय का? 'आमचा रंग सिनेमासारखाच आहे' असा मेल म्हणजे फोटो नव्हे. दिव्याखालचा फोटोही चालणार नाही, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली हिरवा कोट तपकिरीच दिसतो. दुसऱ्या गिऱ्हाइकानं पाठवलेला फोटोही नको, त्यानं त्यावर फिल्टर लावलेला असतो. त्याच कापडाचा, त्याच रंगाचा, उन्हातला, कागदासकट. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे. जो असा फोटो देत नाही त्याच्याकडे बहुधा तयार नगच नसतो, तुमचे पैसे आल्यावर तो पहिल्यांदा शिवणार असतो, तोही सिनेमातल्या फोटोवरून.

बाहेरून मागवायचं नसेल तर धारावी आहे. सायनकडून जाताना रस्त्याला लागून कातड्याची दुकानं आहेत आणि त्यांच्या मागे शिवणारे कारागीर. मी नारिंगी कोट घेऊन तिथे गेले, रंगवून मिळेल का विचारायला. कारागिरानं बाही उलटी करून अस्तर पाहिलं, बोटानं लेप खरवडला आणि म्हणाला, "ताई, याच्यावर रंग धरणार नाही, उडून जाईल. नवीन शिवा. पण फोटो दाखवू नका मला, कापडाचा तुकडा आणा." त्याला माझ्या फोल्डरमधले साठ फोटो नको होते. पाठीचे आणि कॉलरचे तेवढे त्यानं ठेवून घेतले. इथे नमुना शिवून घेता येतो, मध्ये जाऊन घालून बघता येतो, मुंढा कमी करता येतो. तंतोतंत धातूची बटणं वगैरे मिळतीलच असं नाही, ती वेगळी शोधावी लागतात.

पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ करा. लगेच खिडकीशी नेऊन रंग पाहा, मापं टेपनं तपासा, चेन दहा वेळा वर-खाली करा. परतीची मुदत आधी वाचून ठेवलेली असू द्या. कोट जुना दिसावा म्हणून घासणं, रंग उडवणं हे विक्रेत्याला सांगू नका, नंतर स्वतः करा, आधी आतल्या पट्टीवर करून बघून. हँगर रुंद खांद्याचा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. मुंबईच्या कॉमिक कॉनला, कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांच्या मेळाव्याला घालणार असाल तर आत पातळ सुती बनियन आणि पाणी, बाकी इलाज नाही.

दुसरा कोट धारावीतच टाकलाय. कारागिरानं लेप दिलेल्या सुती कापडाचे तीन तुकडे दिले होते. चार दिवस ते माझ्या दक्षिणेच्या खिडकीत पांढऱ्या कागदावर टाचून ठेवले, सकाळी, दुपारी आणि ढग आल्यावर पाहिले. डावीकडचा उन्हात पिवळा पडत होता आणि उजवीकडचा जवळजवळ काळा होता. मधला दिलाय.