जुन्या युनिक्स-व्हीएमएसला टर्मिनल जोडताय? या चुका टाळा

जुनं एससीओ युनिक्स, एआयएक्स नाहीतर व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमचं मशीन अजून कुठे ना कुठे चालू असतंच, आणि पुट्टीने (पीसीलाच टर्मिनल बनवणारा प्रोग्राम) कनेक्ट केलं की ॲरो कीज अक्षरं टाकतात, बॅकस्पेस चालत नाही, चौकटींच्या जागी एल-क्यू-क्यू-क्यू-के असं काहीतरी दिसतं. लगेच सर्व्हर रीस्टार्ट करू नका प्लीज, चालू काम जाईल आणि प्रॉब्लेम तिथेच राहील.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे टर्म व्हेरिएबल, म्हणजे सर्व्हरला टर्मिनलचा प्रकार सांगणारं सेटिंग, अंदाजाने सेट करणं. कोणीतरी सांगतं व्हीटी१०० टाक, सगळीकडे चालतं, आणि साधा मजकूर दिसतोही नीट, म्हणून वाटतं झालं काम. पण डेक कंपनीचं व्हीटी१०० हे १९७८ चं टर्मिनल, त्याला रंग नव्हते आणि फंक्शन कीज म्हणजे फक्त पीएफ१ ते पीएफ४, मग एससीओवरचं अकाउंटिंगचं पॅकेज एफ१० मागतं तेव्हा ती की येणार कुठून? तिथे टर्म एससीओ-अँसी ठेवा, पुट्टीच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये एससीओ निवडा आणि कॅरॅक्टर सेट सीपी४३७ (जुन्या पीसीचा, चौकटीची चिन्हं असलेला) करा, बऱ्याचदा चौकटीही तेवढ्यात सरळ होतात.

आणि अंदाज करायची गरजच नसते. फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडला मायनस व्ही लावून चालवा, अडलेली की दाबा, एंटर मारा, ती की नक्की काय पाठवते ते समोर दिसतं. ॲरो की कधी एस्केप, चौकोनी कंस, ए असं पाठवते तर कधी कंसाच्या जागी ओ, कारण व्हीटी१०० मध्ये कर्सर कीजचे दोन मोड आहेत आणि प्रोग्रामने एक मागितला नि टर्मिनल दुसऱ्यात राहिलं की गोंधळ ठरलेला. बॅकस्पेसचंही तेच, काही टर्मिनल ८ हा कोड पाठवतात काही १२७, म्हणून एसटीटीवाय इरेज टाइप करून स्पेस द्या, बॅकस्पेस दाबा आणि एंटर.

स्क्रीन एकदम गोठली तर आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा, चुकून कंट्रोल-एस लागलेलं असतं. बायनरी फाइल कॅट केल्यामुळे अक्षरं विचित्र झाली असतील तर पुट्टीच्या मेनूतलं रीसेट टर्मिनल, आणि प्रोग्राम मध्येच बंद पडून टाइप केलेलं दिसत नसेल तर एसटीटीवाय सेन, पण एंटर लागत नसेल तर त्याच्याजागी कंट्रोल-जे.

आता लॉक-इनचं, म्हणजे एकाच कंपनीच्या वस्तूंना बांधलं जाण्याचं. आयबीएमच्या मेनफ्रेमचं टर्मिनल ३२७० (१९७१) वेगळ्याच घराण्यातलं, एक-एक अक्षर पाठवत नाही, तुम्ही अख्खा फॉर्म भरता आणि एंटर मारल्यावर तो जातो, शिवाय अक्षरांचे कोड नेहमीच्या आस्कीऐवजी आयबीएमच्या एबसिडिकमध्ये. त्यामुळे मेनफ्रेमला साधं टेलनेट लावून सेटिंग बदलत बसू नका, टीएन३२७० चं एम्युलेटरच (त्या टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम) लागतं आणि आयबीएमच्याच एएस/४०० ला टीएन५२५०. डेकने तर प्लगसुद्धा वेगळा केला, एमएमजे, दिसायला टेलिफोनच्या प्लगसारखा पण खटका एका बाजूला, टेलिफोनची वायर जबरदस्ती घुसवू नका. व्हीएमएसच्या ईडीटी एडिटरमध्ये गोल्ड की (इतर कीजना दुसरं काम देणारी) म्हणजे पीएफ१ सापडत नसेल तर पुट्टीत नम-लॉक दाबा, आणि व्हीएमएसला टर्मिनल ओळखायला लावायचं तर सेट टर्मिनल स्लॅश इन्क्वायर ही कमांड द्या.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते म्हणजे प्रोग्राममध्ये एस्केप सिक्वेन्स, म्हणजे कर्सर हलवणारे, स्क्रीन पुसणारे कोड, थेट लिहून ठेवणं. कंपनीने बांधलं नाही तरी आपणच आपल्याला एका टर्मिनलला बांधून घेतो. याच त्रासावर बिल जॉयने बर्कली विद्यापीठात टर्मकॅप, म्हणजे टर्मिनलांच्या कोडची यादी, केलं, नंतर तशीच टर्मइन्फो आली. शेल स्क्रिप्टमध्ये टीपुट ही कमांड वापरा, सी भाषेत कर्सेस ही लायब्ररी, दोन्ही कोड त्या यादीतून घेतात, मग टर्मिनल बदललं तरी कोडला हात लावावा लागत नाही.

आणि नव्या लिनक्समधून जुन्या मशीनवर गेल्यावर ‘अननोन टर्मिनल टाइप’ आलं तर टर्मइन्फोची कंपाइल केलेली फाइल तशीच कॉपी करू नका. इन्फोकंप कमांडने तिचं टेक्स्ट काढा, जुन्या मशीनवर नेऊन टिक कमांडने कंपाइल करा. टिकने टेक्स्टमधल्या नवीन नावांवर तक्रार केली तर तेवढ्या सेशनपुरतं टर्म व्हीटी२२० लावा, पुट्टीतही फंक्शन कीज त्याप्रमाणेच ठेवा.